दशावतार : उत्तरार्ध पटला का तुम्हाला?

दांडियाबाजार

बडोद्यात कोणी कोणी 'दशावतार' हा मराठी चित्रपट थिएटरात जाऊन पाहिला? घरी टीव्हीवर नाही, थिएटरात. मला एका गोष्टीवर तुमची मतं हवी आहेत, मोकळेपणानं सांगा.

मी सासूबाईंना घेऊन गेले होते. त्यांना काचबिंदू आहे, डाव्या डोळ्याला कडेचं दिसत नाही. चित्रपटातला बाबुली मेस्त्री हा कोकणातल्या दशावतारी लोकनाट्यातला म्हातारा नट, त्याची नजर अधू होत चालली आहे आणि डॉक्टर त्याला काम थांबवायला सांगतात, हे मी त्यांना आधी बोलले नव्हते. तो भाग आला तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला. मध्यंतरात विचारलं, "बरं वाटतंय ना? निघायचं का?" तर म्हणाल्या, "निघायचं कशाला? त्याचं पुढे काय होतं ते बघू दे."

बाबुली झालेले दिलीप प्रभावळकर १९४४ चे, म्हणजे चित्रपट आला तेव्हा ८१ वर्षांचे. त्यांच्या उत्साहाबद्दल सगळ्यांनी लिहिलं आहे. मला त्यांचा आवाज जास्त लक्षात राहिला. सोंग घेतल्यावरचा खणखणीत आवाज आणि घरात मुलाशी बोलतानाचा आवाज, दोन्ही एकाच माणसाचे आहेत हे पटतं आणि तरी दोन माणसं दिसतात. सिद्धार्थ मेननचा माधवही तोडीस तोड. बापाची काळजी वाटते म्हणून त्याच्यावर चिडणारा मुलगा फार खरा उतरला आहे.

आता माझा प्रश्न. मध्यंतरानंतर चित्रपट सूडाच्या वाटेला लागतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी फार सांगत नाही, पण खाण, पुढारी, जंगल आणि मग एकेक अवतार. मला पूर्वार्धातली बापलेकाची गोष्ट इतकी आवडली होती की पुढचं सगळं अंगावर आल्यासारखं झालं. पार्श्वसंगीत तर इतकं चढतं की संवाद ऐकायला कान टवकारावे लागतात. सासूबाईंना मात्र उत्तरार्धच जास्त आवडला! घरी येईपर्यंत आमचा वाद चालला होता. तुम्हाला काय वाटलं?

सावंतवाडीकर

ताई, मी तुमच्या सासूबाईंच्या बाजूचा.

आमचं गाव सावंतवाडीजवळ, नोकरीमुळे इथे बडोद्यात मकरपुऱ्यात राहतो. लहानपणापासून जत्रेतली दशावतारी नाटकं पाहत आलो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास आमच्याकडे जत्रांचा हंगाम सुरू होतो. देवाची पालखी फिरली की रात्री उशिरा नाटक उभं राहतं आणि पहाटे दहीकाल्यानं संपतं. आधी आडदशावतार, म्हणजे मुख्य कथेआधीचा भाग : गणपती, ऋद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, मग काळा संकासुर राक्षस. तो येतो तेव्हा लहान पोरं आईच्या पदराआड जातात आणि मोठी माणसं हसून हसून लोळतात. त्याचा वध झाला की मुख्य आख्यान. संवाद कुठे लिहिलेले नसतात. कोणतं आख्यान लावायचं ते ठरतं आणि पुढचं सगळं नट उभ्या उभ्या बोलतात. सामान म्हणाल तर एक लाकडी बाकडं. राजा बसला की ते सिंहासन, त्यावर देव उभा राहिला की कैलास. बाजूला पेटी, मृदंग, झांज.

आणि आख्यान कुठलंही घ्या, शेवटाकडे युद्ध येतंच. तोपर्यंत अर्धं गाव पेंगत असतं. मृदंगाची लय चढली, दोन नट गोल गिरक्या घेत तलवारी फिरवायला लागले की सगळे ताठ बसतात. म्हणून उत्तरार्धात बाबुली अवतार घेऊन उतरला तेव्हा मला तो चित्रपट वाट सोडून गेला असं वाटलं नाही. आयुष्यभर ज्यानं रात्री असुर मारले, तो आणखी काय करणार? त्याला न्यायाची दुसरी भाषाच येत नाही.

पण माझीही एक तक्रार आहे, ती आवाजाच्या तक्रारीपेक्षा मोठी. आमच्या नाटकात राक्षसाला बोलायला मिळतं. आणि कसं मिळतं! तो देवाशी वाद घालतो, "माझ्या बापाला तू कपटानं मारलंस" म्हणून जाब विचारतो, देवाला उत्तर द्यावं लागतं. कित्येकदा टाळ्या राक्षसाला पडतात. चांगला राक्षस रंगवणारा नट पाहायला माणसं दहा कोसांवरून येतात. चित्रपटातल्या खाणवाल्यांना अशी बाजूच दिलेली नाही. ते आले, वाईट वागले, मेले. खाणीमुळे गावात पैसा येतो, पोरांना मुंबई सोडून घरी राहून नोकरी मिळते, हे कोकणातलं खरं भांडण आहे. घराघरांत आहे. माधवच्या तोंडून त्याची सुरुवात होते आणि मग ते सुटून जातं. तो वाद जर बाबुलीला समोरासमोर घालावा लागला असता तर काय रंगला असता!

रंगपट

मी विद्यापीठाच्या नाट्यविभागात शिकले आणि आता रंगभूषेचंच काम करते, त्यामुळे माझी नजर आधी चेहऱ्याकडे जाते.

दशावतारी नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो, आमच्यासारखं कोणी दुसरं लागत नाही. पांढऱ्यासाठी जस्ताची पूड खोबरेल तेलात मळायची, ती बोटांनी चेहऱ्यावर थापायची, मग लाल, मग भुवया आणि डोळ्यांभोवती काजळ. ही रंगभूषा लांबच्या माणसासाठी असते. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला राजा कोण आणि राक्षस कोण ते कळलं पाहिजे. कॅमेरा हातभर अंतरावर आणला की तोच रंग उघडा पडतो. तेलाची चमक दिसते, घामाच्या ओघळानं कडा फाटतात, सुरकुतीत रंग बसून रेघा दिसतात. हिंदीत अशा वेळी सगळं गुळगुळीत करून टाकतात. इथे सुरकुत्या राहू दिल्या आहेत आणि त्यामुळे रंगाखालचा म्हातारा माणूस सतत दिसत राहतो. तुम्ही आवाजाबद्दल जे लिहिलंत, ते मला चेहऱ्यात दिसलं.

शिवाय नजर अधू होत चाललेला माणूस आरशात बघून स्वतःची भुवई रेखतो, ही कल्पनाच माझ्यासारखीला हलवून टाकणारी आहे. आम्ही एक भुवई वर गेली तरी पुसून पुन्हा काढतो. त्याचा हात सवयीनं चालतो.

उत्तरार्धाबद्दल मी दांडियाबाजार यांच्या बाजूनं. अवतारांची वेशभूषा भव्य आहे, पण तिथे रंगभूषा नटाची राहत नाही, चित्रपटाची होते. एकट्या माणसानं रात्रीतून केलेलं सोंग वाटत नाही. साधं ठेवलं असतं तर भीती जास्त वाटली असती.

कारेलीबाग

मी कॉलेजात आहे आणि माझ्या ग्रुपमधले बहुतेक गुजराती. त्यातल्या तिघांना ओढून नेलं होतं. खाली इंग्रजी सबटायटल होती म्हणून निभावलं. खरं सांगायचं तर मालवणी मलाही सगळी कळली नाही, आमच्या घरची मराठी बडोद्याची, मीही मधूनमधून खाली वाचतच होतो.

बाहेर आल्यावर एक मित्र म्हणाला, "यार, आ तो आपणी भवाई!" भवाई म्हणजे गुजरातचं लोकनाट्य. त्याचे आजोबा उत्तर गुजरातचे, त्यांनी गावात ती पाहिलेली. मग त्यानं सांगायला सुरुवात केली : तिथेही आधी गणपतीचा वेश येतो, तिथेही बायकांची कामं पुरुषच करतात, तिथेही देवीसमोर रात्रभर खेळ चालतो, तुतारीसारखी लांब भूंगळ वाजवून लोक गोळा करतात. आपण मराठी लोक भवाईचं नाव शाळेच्या पुस्तकात वाचतो आणि पुढे जातो. पार्किंगमध्ये उभं राहून आम्ही त्यावरच बोलत होतो. माझ्यासाठी चित्रपटाचं सगळ्यात मोठं यश ते.

दुसरं असं की हाच ग्रुप मला 'लालो' या गुजराती चित्रपटाला घेऊन गेला. 'लालो – कृष्ण सदा सहायते', अंकित सखियाचा. कोणी पाहिला नसेल तर जरूर पाहा. जुनागढचा रिक्षावाला एका फार्महाऊसमध्ये अडकतो आणि तिथे त्याला कृष्ण भेटतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये लागला तेव्हा कोणी विचारत नव्हतं. मग आज्या, काक्या, सोसायट्याच्या सोसायट्या जायला लागल्या आणि शंभर कोटींच्या पुढे गेलेला तो पहिला गुजराती चित्रपट ठरला. मला तो मधे ताणलेला वाटला, भक्तीचा भाग जरा जास्त समजावून सांगतात. पण एका खोलीत एका माणसाला इतका वेळ धरून ठेवणं सोपं नाही, आणि रिक्षावाला झालेला करण जोशी ते पेलतो.

'लालो'ला दम धरायला वेळ मिळाला, आपल्या मराठी चित्रपटांना तो मिळत नाही. मला यावर जुन्या लोकांचं मत ऐकायचं आहे.

जुना बडोदेकर

वेळ का मिळत नाही ते सांगतो. थिएटरचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार. पहिल्या शनिवार-रविवारी किती तिकिटं गेली ते बघून पुढच्या शुक्रवारचे खेळ ठरतात. मराठी चित्रपटाला इथे मुळात एखादा खेळ मिळतो, तोही कामाच्या दिवशी सकाळी अकराचा किंवा रात्री उशिराचा. आपले लोक म्हणतात, "बघू, पुढच्या आठवड्यात जाऊ." पुढच्या आठवड्यात तो नसतो.

'आता थांबायचं नाय' या मराठी चित्रपटाच्या वेळी माझ्याबाबत हेच झालं. मी तिकीट काढून गेलो, तर खिडकीवर सांगितलं, पुरेशी माणसं नाहीत, खेळ रद्द, पैसे खात्यात परत येतील. आम्ही सात-आठ जण दारात उभे होतो. एक बाई तर रिक्षा करून गोत्रीहून आल्या होत्या. म्हटलं, आम्ही बसतो की, दाखवा. नाही म्हणाले.

शेवटी मुलीकडे ठाण्याला गेलो तेव्हा पाहिला. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणीचे कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, त्याची गोष्ट. शिवराज वायचळचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच चित्रपट. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव या दोघांकडून लोक हसवण्याची अपेक्षा धरून येतात, आणि ते हसवतातही, पण वही समोर ठेवून पेन्सिल धरलेला प्रौढ माणूस काय सोसतो ते दोघांनी दाखवलं आहे. मी आयुष्य कारखान्यात काढलं. हाताखालच्या माणसाला अर्ज लिहून देताना त्याची मान कशी खाली जाते, ते मला ठाऊक आहे. म्हणून तो चित्रपट माझ्यासाठी २०२५ मधला पहिला, 'दशावतार' दुसरा.

ज्या गावाच्या कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले, त्या गावात मराठी चित्रपट दारातून परत पाठवतात, याचं मला वाईट वाटतं. यात आपलीही जबाबदारी आहे. सानंदसारखी संस्था इंदूरात नाटकांना नेमानं प्रेक्षक जमवते, तसं आपण निदान पंधरा-वीस जणांनी ठरवून पहिल्या रविवारी जावं. खेळ रद्द करायला तरी त्यांना जड जाईल.

दांडियाबाजार

सावंतवाडीकर, तुमचं उत्तर सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. "बघ, मी म्हणत होते!" झालं. मग राक्षसाच्या बाजूचा भाग वाचला तेव्हा गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "हो, कीर्तनातही रावणाला बोलू देतात."

मला नेमकं काय खटकत होतं ते तुमच्या त्या परिच्छेदात सापडलं. सूड आला याचं मला काही नव्हतं. समोरच्याला उत्तर द्यायला जागा ठेवली नाही, त्यामुळे पूर्वार्धात बापलेकांत जो खरा वाद होता त्याच्या तोडीचं पुढे काही येत नाही. तरी सुबोध खानोलकरांनी पहिल्याच चित्रपटात एवढ्या मोठ्या विषयाला हात घातला आणि तो मालवणीतच ठेवला, याचा मला फार आदर वाटतो. आवाजाची तक्रार मात्र मी मागे घेत नाही. गुरू ठाकूरांचे संवाद इतके चांगले असताना ते ढोलाखाली जावेत हे बरं नाही. कानाला यंत्र लावणाऱ्या माणसांना तर काहीच कळत नसेल.

पंधरा-वीस जणांच्या कल्पनेला माझा होकार. आमच्या भजनी मंडळातल्या सहा जणी धरून चाला. सकाळचा खेळ असला तर उलट बरं, दुपारच्या जेवणाला घरी येता येतं.

आणखी एक विचारायचं होतं. 'साबर बोंडं' कोणी पाहिलाय का? अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात बक्षीस मिळालं एवढंच वाचलं.

रंगपट

मी पुण्यात पाहिला. रोहन कानवडेचा. सनडान्सचं परदेशी कथापटांसाठीचं सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळवणारा पहिला मराठी चित्रपट. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. नातेवाईक लग्नाचा विषय काढत राहतात आणि तिथे त्याला लहानपणचा मित्र बाळ्या पुन्हा भेटतो. दोन पुरुषांमधलं प्रेम आहे, हे आधीच सांगते म्हणजे मंडळातल्या बायकांना कल्पना असेल.

पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे तुमची तक्रार तिथे उरणार नाही. कॅमेरा बराच वेळ जागचा हलत नाही. माणसं बसलेली, चपला कुठे काढायच्या, चहा कुणी प्यायचा, काय खायचं नाही, हे सगळं सुतक पाळलेल्या माणसाला ओळखीचं वाटेल. आनंदची आई झालेल्या जयश्री जगताप यांच्यासाठी तरी पाहा. त्या मुलाला काही समजावत नाहीत, त्याच्या वतीनं नातेवाइकांशी बोलतात.

दांडियाबाजार

सासूबाईंना नेऊ का?

रंगपट

न्या. फक्त काचबिंदू आहे म्हणता, तर पुढची रांग घेऊ नका. रात्रीचे प्रसंग बरेच काळोखे आहेत, मधल्या रांगेतून पूर्ण पडदा नजरेत येईल.

सावंतवाडीकर

इथे लागला की कळवा. मी रविवारी मोकळा असतो, माझ्याकडून चार माणसं पक्की.