सोळा बाय चौदाच्या खोलीत ५२ मुलं

मानेवाड्याचा पालक
शनिवारी पालकसभा संपल्यावर मुलीच्या वर्गात थोडा वेळ बसलो. दुमजली घराच्या गच्चीवर टिनाचं शेड, त्यात दुसरीचा वर्ग. फरशा दोन फुटी, म्हणून मोजता आलं. लांबीला आठ, रुंदीला सात. म्हणजे २२४ चौरस फूट. पटावर ५२ मुलं, एकेकाच्या वाट्याला साडेचार चौरस फूटही नाही. एका बाकावर चौघं बसतात. कडेचं पोर एक पाय बाहेर काढून, वही मांडीवर घेऊन लिहितं. खिडक्या दोन, त्यातल्या एकीला कपाट टेकवलंय.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात शिक्षकामागे एक खोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मैदान, कुंपण, सगळं आहे. मुलामागे जागा किती, ते नाही. सीबीएसईने आपल्या शाळांना आकडा घालून दिलाय: मुलामागे किमान १ चौरस मीटर. तो लावला तर त्या खोलीत २० मुलं बसतील. आणि त्याच परिशिष्टात इमारत सगळ्या ऋतूंत चालणारी हवी असंही आहे. ज्या नागपूरने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिले, तिथे एप्रिलमधलं टिनाचं शेड या व्याख्येत बसतं का? खोलीचं माप घेतल्याशिवाय कुठल्याही शाळेला वाढीव तुकडी देऊ नये, असं माझं मत आहे.

छोट्या शाळेचा संस्थाचालक, पूर्व नागपूर
तुमचा राग समजतो जी, पण हिशेब अर्धाच मांडला. माझ्या शाळेतही वर्ग असेच भरतात. माझ्याकडे ऑटोवाल्यांची, मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या बायांची मुलं येतात. महिन्याची फी ६५०, तीही दोन-दोन महिने मागे. ५२ ऐवजी २० बसवले तर फी अडीचपट होते. मग ती पोरं जातील कुठे? शिक्षण हक्क कायद्यातल्या गरीब मुलांच्या २५ टक्के राखीव जागांचे सरकारकडचे पैसे वेळेवर येत नाहीत आणि शिक्षकांचा पगार तर एक तारखेला द्यावाच लागतो. मापाचा नियम आणा, पण आधी सांगा की जागेचं भाडं कोण भरणार. नुसत्या नियमाने बंद पडेल ती गरिबाचीच शाळा.

बांधकामातला माणूस
दोन गोष्टी वेगळ्या करा. उष्णतेवर स्वस्तात इलाज आहे. टिनावर वरून पांढऱ्या चुन्याचे दोन हात, आतून तट्ट्याचं (बांबूच्या चटईचं) छत, आणि समोरासमोर उघड्या खिडक्या. कपाट आजच्या आज हलवता येतं. कूलरवर विसंबू नका. हवा बाहेर जायला वाट नसेल तर तो नुसता दमटपणा वाढवतो, आणि जुलैत तर त्याचा उपयोगच नाही.

गर्दीवर मात्र चुना लावता येत नाही. २००४ साली कुंभकोणमच्या शाळेत वरच्या मजल्यावरचं गवती छत पेटलं, जिना अरुंद, ९४ मुलं गेली. घराचा जिना चार माणसांच्या कुटुंबासाठी बांधतात. त्यावरून ५२ मुलं एकदम धावली तर काय होईल, ते त्या जिन्यावर उभं राहून बघा. इथे संस्थाचालकांशी मी अजिबात सहमत नाही.

जिल्हा परिषद शिक्षिका, कुही तालुका
माझ्या वर्गाला दोन्ही बाजूंनी खिडक्या, अंगणात कडुनिंब, प्रत्येक मुलाला आडवं झोपता येईल एवढी जागा. पट १९. पुढच्या वर्षी शाळा टिकते की नाही, याची धास्ती. शहरातही महापालिकेच्या शाळांत मोठमोठ्या खोल्या ओस पडल्यात. मानेवाड्याच्या दादा, मनापासून विचारते, तुम्ही प्रवेश घेताना वर्ग पाहिला होता की फाटकावरचं 'इंग्लिश मीडियम'?

मानेवाड्याचा पालक
ताई, फाटकच पाहिलं. व्हॅन दारापर्यंत येते, तेही पाहिलं. वर्ग गच्चीवर आहे हे प्रवेशानंतर कळलं, आणि आधी विचारलं नाही ही माझीच चूक. पण मला कळायला हवं होतं की नाही? म्हणून मागणी थोडी बदलतो. प्रत्येक वर्गाच्या दारावर खोलीचं माप आणि पट, दोन्ही रंगवून लावा. त्याला भाडं लागत नाही.

संस्थाचालक
पाटी लावायला हरकत नाही. चुना या रविवारीच मारतो. पण दोन पाळ्या करून २६-२६ बसवावेत म्हटलं तर फेब्रुवारी २०२४ चा जीआर आडवा येतो, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका म्हणून. मुलांची झोप व्हावी हा हेतू चांगलाच आहे. पण नागपुरात मार्च-एप्रिलला सकाळची शाळाच पोरांना सोसते. उन्हामुळेच तर विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या नंतर उघडतात. तशी सूट पाळ्यांनाही द्या, मी उद्या तुकडी फोडतो.

बांधकामातला माणूस
तुकडी फोडलीत तरी २६ मुलं, खोली २० चीच. आणि जिना तोच.

संस्थाचालक
जिन्याचं मान्य. मागच्या बाजूने लोखंडी जिना लावायला किती लागतील, तेवढं सांगा.