ठासणीची पहिली रायफल : घेतलीत, वापरलीत, पुढे काय झालं?

अमेरिकेत येऊन शिकारीचा नाद लागलेले मराठी लोक वाटतात तितके कमी नाहीत. त्यातल्या बऱ्याच जणांची सुरुवात मझललोडरने होते, म्हणजे आपल्या ठासणीच्या बंदुकीच्या नव्या अवताराने. नळीच्या तोंडातून दारू, वर गोळी, गजाने ठासायचं, मागे प्रायमर (ठिणगी देणारी छोटी टोपी), एक बार. दुसरा हवा तर पुन्हा पहिल्यापासून. दुकानातली सगळ्यात स्वस्त, 'एन्ट्री लेव्हल' रायफल अडीचशे-तीनशे डॉलरला पडते : पॉइंट ५० कॅलिबर, मधून मोडून उघडणारी, काळा प्लास्टिकचा दस्ता. व्हिडिओत तिची तारीफ करणारे ढीगभर आहेत. पदरचे पैसे घालून घेतलेल्यांनी इथे लिहावं म्हणून हा धागा. कंपन्यांची नावं नकोत, नाहीतर भांडणं लागतात. आपण काय माती खाल्ली ते लिहा, त्याचा जास्त उपयोग होतो.

माझ्यापासून सुरू करतो. ओहायोत मझललोडरचा सीझन जानेवारीच्या सुरुवातीला, जेमतेम चार दिवस. रायफल ऑक्टोबरात घेतली. रेंजवर पहिल्याच दिवशी दारूच्या ५० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे दारू मोजायचं माप) दोन वड्या टाकल्या, वर प्लास्टिकच्या कपातली गोळी ठासली, २०९ नंबरचा प्रायमर बसवला, श्वास रोखून चाप ओढला. फट्. बस, एवढंच. मी बंदूक खाली घेणार तोच शेजारच्या टेबलावरचे आजोबा मान न वळवता म्हणाले, "नळी टार्गेटकडेच राहू दे. साठ मोज." मोजले. आग कधीकधी उशिरा पोचते आणि बार मागाहून उडतो, हे शिकारीच्या वर्गात शिकलो होतो, पण हात विसरले होते. दुसरा प्रायमर, पुन्हा फट्. तिसऱ्याला धडाम.

कारण साधं. कारखान्यातून येताना नळीला आणि ब्रीच प्लगला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बुचाला, तेल फासलेलं असतं, ते मी पुसलंच नव्हतं. दारू ओली झाली होती. आता भरण्याआधी गजाच्या टोकाला कोरडी चिंधी लावून तळापर्यंत सोडतो आणि नुसता प्रायमर उडवतो. चिंधी बाहेर काढली की मधोमध काळा जळका ठिपका दिसला पाहिजे. दिसला तर आगीची वाट मोकळी आहे. नसेल तर पुन्हा पुसणं.

आणि धुराबद्दल कोणी सांगितलं नव्हतं. सोयाबीन काढलेल्या शेताच्या कडेला, बर्फात, साठेक यार्डांवर हरणाची मादी उभी होती. वारा अजिबात नाही. चाप ओढला आणि समोर पांढरी भिंत. हरीण पडलं, पळालं, की तिथेच उभं आहे, काहीच कळेना. धूर विरेपर्यंत शेत रिकामं. अर्धा तास जागचा हललो नाही. मग गेलो तर बर्फावर दोन थेंब, दहा पावलांवर आणखी चार, आणि काटेरी झुडपांत सत्तर पावलांवर ती पडलेली. आता बार काढायच्या आधी ती कुठल्या झाडापाशी उभी आहे ते झाड लक्षात ठेवतो.

तुमचं येऊ द्या.

न्यू जर्सीवाला

आधी कायद्याचं, कारण एच-१बी वरचे लोक हमखास विचारतात. १९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टप्रमाणे, जी फक्त काळ्या दारूवर किंवा तिच्या पर्यायावर चालते आणि जिच्यात काडतूस बसूच शकत नाही अशी ठासणीची रायफल फेडरल व्याख्येत 'फायरआर्म' धरत नाहीत. बऱ्याच राज्यांत ती कुरियरने घरी येते ती म्हणूनच. पण त्याच फ्रेमवर काडतुसाची नळीही चढत असेल तर ही सूट गेली. आणि राज्याचा कायदा वेगळा. आमच्या न्यू जर्सीत फायरआर्म आयडी कार्ड आधी काढावं लागलं, बोटांच्या ठशांसकट. मित्राने टेक्सासात कसं घेतलं हे ऐकून ऑर्डर देऊ नका. व्हिसावर असाल तर वकिलाला एक फोन करा. रायफलीपेक्षा व्हिसा महाग आहे.

हळदीचं पान

मी पेन्सिल्व्हेनियात. आमच्याकडे ख्रिसमसनंतर फक्त फ्लिंटलॉकचा, म्हणजे चकमकीच्या बंदुकीचा सीझन असतो. प्रायमर नाही, केप (घोडा आपटला की पेटणारी टोपी) नाही. घोड्याच्या तोंडात गारगोटी, ती पोलादावर आपटते, ठिणगी खालच्या वाटीतल्या रंजकावर (पेट घ्यायच्या बारीक दारूवर) पडते, आणि वाटीतली आग बारीक भोकातून नळीत जाते. हे सगळं व्हायला जो क्षण लागतो तो कानाला ऐकू येतो : फस्स-धाड. त्या 'फस्स'ला माझी मान आपोआप मागे जायची. नवरा म्हणायचा, मोबाईलवर शूट करून बघ. बघितलं तर बार उडायच्या आधी माझे डोळे मिटलेले! तीन शनिवार नुसती गारगोटी आपटत बसले, दारू न घालता, वाटीकडे न बघता.

माझी स्वस्तातली आहे, जुन्या बंदुकीची नवी नक्कल. तिची गारगोटी पहिल्या दिवसापासून बोथट होती, बदलल्यावर निम्मी तक्रार मिटली. उरलेली निम्मी हवामानाची. हलका बर्फ पडत होता, हरीण वीस पावलांवर, चाप ओढला आणि नुसतंच फस्स. रंजक जळलं, आत काही गेलं नाही. हरणाने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. वाटीत बोट घातलं तर काळा चिखल. हरीण मात्र अजिबात घाई न करता गेलं. आता चापाच्या भागावर चामड्याचं टोपरं बांधते आणि दर अर्ध्या तासाने रंजक बदलते. 'फुसका बार' आपण इतक्या सहज म्हणतो, मी तो पाळलेला आहे.

गंजलेला

नाव वाचून कळलं असेल. शनिवारी संध्याकाळी वीस बार काढले, दमलो, म्हटलं उद्या साफ करू. रविवारी भारतातून सासरे आले. बुधवारी आठवण झाली. नळीत बोट घालून फिरवलं तर बोटाला लाल पूड.

दारूची राख हवेतलं पाणी ओढते, त्यात क्षार. चार दिवस म्हणजे तिची दिवाळी. ब्रीच प्लग तर असा जाम झाला की सोबत आलेला पाना वाकला. दोन दिवस तेलात भिजवून, नळीला कपडा गुंडाळून व्हाइसमध्ये धरून, शेजाऱ्याच्या लांब पान्याने सुटला. प्लगच्या आट्यांना अँटी-सीझचं ग्रीस लावा असं पुस्तिकेत पहिल्याच पानावर होतं. पुस्तिका खोक्यात होती. खोका अॅटिकमध्ये होता.

आता त्याच रात्री धुतो : गरम पाणी, भांड्याचा साबण, चिंधी पांढरी निघेपर्यंत, मग कोरडी करून तेल. पहिल्यांदा किचनच्या सिंकमध्ये धुतली तेव्हा घरभर सडक्या अंड्यांचा वास सुटला. सासूबाईंनी विचारलं, "गॅस लीक झालाय का हो?" तेव्हापासून गॅरेज आणि बादली. नळीत छोटे खड्डे पडलेत ते पडलेतच. पन्नास यार्डांत अजून चालते.

एकच प्याला नव्हे, एकच गोळी

दारू न घालता गोळी ठासलेले हात वर करा. मी दोनदा. रेंजवर गप्पा मारत भरत होतो, त्याचं फळ. गोळी पुढून निघत नाही, मग दुकानातून दाबाच्या वायूचं नळकांडं आणून मागून फुंकर घालावी लागते. गोळी निघते, इज्जत निघते.

उपाय : गजावर दोन खुणा. रिकाम्या नळीत गज कुठपर्यंत जातो ती एक, आणि बरोबर भरलेल्या नळीत कुठपर्यंत ती दुसरी. दुसरीच्या खाली गेला तर दारू विसरलात. वर राहिला तर एकतर गोळी तळाला टेकलेली नाही किंवा दोनदा भरलंय. या दोन्हीत बार काढू नका, नळी फाटू शकते. माझ्या खुणा बायकोच्या नेलपॉलिशच्या आहेत, लाल आणि मोरपंखी. भरताना आता कोणाशी बोलत नाही.

डेन्व्हरचा पोपट

कोलोरॅडोत सप्टेंबरात एल्क, म्हणजे मोठ्या जातीचं हरीण. मी शहाणा, आधी खरेदी आणि नंतर नियम. रायफलीवर दुर्बीण बसवून घेतली, वड्यांचं डबडं घेतलं, प्लास्टिक कपातल्या गोळ्या घेतल्या. इथल्या मझललोडर सीझनमध्ये दुर्बीण चालत नाही, वड्या चालत नाहीत, प्लास्टिकचा कपही चालत नाही. नेम धरायला नळीवरची उघडी माशी, सुटी दारू, नळीच्या मापाची शिशाची गोळी. एल्कसाठी कॅलिबर किमान पॉइंट ५०, तेवढं एक नशिबाने बरोबर निघालं. दुर्बीण अजून कपाटात आहे, कोणाला हवी तर सांगा.

सुटी दारू मोजायची ती आकारमानाने, पितळेच्या मापाने. काट्यावर तोलून नाही. पर्यायी दारू काळ्या दारूपेक्षा हलकी असते, तोलून १०० ग्रेन घेतली तर प्रत्यक्षात जास्त भरली जाते. आणि काडतुसातली धूर न करणारी दारू चुकूनही यात घालू नका. या नळ्या त्या दाबाच्या नाहीत.

एल्क मिळाला का? नाही. तीन वर्षांत एकदा ऐंशी यार्डांवर आला, मी माशी त्याच्या खांद्यावर टेकवेपर्यंत त्याचा खांदा झाडामागे. दरवर्षी जातो.

कुडाळचो

तुमचा 'एन्ट्री लेव्हल' वाचून हसू आलं. आमच्या घरची ठासणीची आजोबांच्या वेळची, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना वेगळा नावानिशी लिहिलेला आहे. बाबा गेल्यावर तो माझ्या नावावर करताना इतक्या फेऱ्या झाल्या की तेवढ्यात काजूचा एक हंगाम माकडांनी खाल्ला. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. लोकसभा, विधानसभा, झेडपी, पंचायत. काही वर्षं ती माझ्यापेक्षा ठाण्यात जास्त राहिली.

तुमच्यासारखे नळीत पीळ नाहीत, आतून गुळगुळीत. दारू, त्यावर काथ्याचा बोळा, छर्रे, पुन्हा बोळा, टोकाला केप. पावसात केप सर्दावते, म्हणून आजी ती चुलीवरच्या फळीवर डब्यात ठेवायची. डबा जुन्या बिस्किटांचा. त्यात आम्ही पोरांनी एकदा बिस्किटं शोधली होती आणि मार खाल्ला होता.

आता तिचा उपयोग आवाजापुरता. छर्रे न घालता नुसता बार काढला की माकडं दोन दिवस फिरकत नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनाही कळतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे शिकार बंद आहे. रानडुकराने भात लोळवलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. ते बरोबर की चूक यावर माझं वेगळं मत आहे, इथे नको. आमचा गडी म्हणायचा, "बार भरूक पाच मिनटां लागतत, तवसर माकडां काय तुझी वाट बघीत बसतली?" तुमच्याकडची हरणं बसत असतील तर बरंय.

नाही झेपलं

एक उलट अनुभवही असू दे. मी विकली. पुठ्ठ्यावर १५० ग्रेनपर्यंत चालते असं लिहिलं होतं म्हणून पहिल्याच दिवशी तीन वड्या टाकल्या. रायफल हलकी, धक्का सगळा खांद्यात. आठवडाभर हिरवा-निळा डाग, आणि दुसऱ्या दिवसापासून चाप ओढायच्या आधीच खांदा आखडायचा. नेम गेला तो गेलाच. नंतर कळलं की पांढऱ्या शेपटीच्या हरणाला १०० पुरतं. पण तोवर मन उडालं होतं. आता धनुष्य वापरतो.

न्यू जर्सीवाला

एक राहिलं. विमानाने शिकारीला जाणार असाल तर बंदूक नियमाने चेक-इन करता येते, पण काळी दारू, पर्यायी दारू, प्रायमर, केप काहीही नाही, कुठल्याच बॅगेत नाही. पोचल्यावर तिथल्या दुकानात घ्या. आणि शिकारीला वापरलेली पिशवी घरीच ठेवा. एका मित्राच्या बॅगेच्या कप्प्यात एक प्रायमर राहिला होता. त्याचं विमान गेलं, तो राहिला.

हळदीचं पान

धागाकर्ते दादा, भरलेली बंदूक रात्री काय करता? दिवसभर काही दिसलं नाही तर दरवेळी बार वाया घालवायचा जिवावर येतं.

धागाकर्ता

ताई, माझी मधून मोडते, म्हणून आधी प्रायमर काढतो, मग ब्रीच प्लग सोडवून दारू-गोळी मागून ढकलतो. तुमच्या चकमकीवालीला ते जमणार नाही. सुरक्षित जागी मातीच्या बांधात बार काढणं हाच मार्ग. काही लोक रंजक काढून तशीच दुसऱ्या दिवशी नेतात. नेणार असाल तर ती उबदार घरात आणू नका. थंड लोखंड घरात आलं की आतून-बाहेरून घाम सुटतो आणि सकाळी पुन्हा तुमचं ते फस्स. कुलूप लावून थंड गॅरेजमध्ये, आणि भरलेली आहे अशी चिठ्ठी चापाला बांधून. घरात पोरं असतील तर मात्र हा विचारच नको, बार काढून मोकळ्या व्हा.

कुडाळकर, तो बिस्किटांचा डबा अजून आहे का? असेल तर फोटो टाका.

कुडाळचो

आहे. त्यात आता आईच्या सुया-दोरे आहेत. उघडला की दारूचा वास अजून येतो.