पिट्सबर्ग पायरट्स, नोव्हेंबर २०२५: कुठला पिचर द्यायचा आणि बदल्यात काय मागायचं?

पाचवा_स्टार्टर

२०२५ चा बेसबॉल सीझन ७१ विजय, ९१ पराभवांवर संपला. पिचिंग बघता ९१ हरायचं कारण नव्हतं. पण ५८३ रन आणि ११७ होमरन, दोन्ही आकडे अख्ख्या मेजर लीगमध्ये तळाचे. आपला एक नंबरचा पिचर स्कीन्स: ईआरए (नऊ इनिंगमागे स्वतःच्या खात्यावरचे रन) १.९७, साय यंगही (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) मिळालं, आणि स्वतःचा रेकॉर्ड १०-१०. बॅटिंगबद्दल आणखी काय बोलायचं?

बाजारातून मोठी बॅट पैसे टाकून आणतील अशी आशा मी तरी धरत नाही. म्हणजे पिचर देऊन बॅट आणणं हाच मार्ग. जुलैत हेज रेड्सला आणि बेडनार यांकीजला गेल्यावर देण्यासारखं उरलंय ते रोटेशनमध्येच (आळीपाळीने सामना सुरू करणारे पिचर, म्हणजे स्टार्टर). माझे तीन प्रश्न:

१) केलर द्यावा की तरुणांपैकी (चँडलर, बरोज, अ‍ॅशक्राफ्ट) एखादा?
२) "स्कीन्सची किंमत आत्ताच सगळ्यात जास्त आहे, विका" म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं?
३) दोन-चार दिवसांत रूल ५ ड्राफ्टसाठी (यादीबाहेर राहिलेला मायनरचा खेळाडू दुसरी टीम उचलू शकते) ४० जणांची यादी लावायची आहे. त्यात जागा कुठून काढायची?

बुलपेन_फोन

आधी दुसरा प्रश्न, म्हणजे तो मिटेल.

स्कीन्स ११ मे २०२४ ला आला. सर्व्हिसचं (मेजर लीगमधल्या दिवसांचं, ज्यावर पगार आणि सुटका ठरते) एक वर्ष भरायला १७२ दिवस लागतात, ते त्याचे भरत नव्हते. पण रुकी ऑफ द इयरच्या (सर्वोत्तम नवख्याच्या) मतदानात पहिल्या दोनात आला की पूर्ण वर्ष मिळतं, आणि तो पहिला आला. म्हणजे उशिरा आणून टीमने काहीच वाचवलं नाही. उलट सीझनच्या सुरुवातीपासून खेळवला असता तर प्रॉस्पेक्ट प्रमोशन इन्सेंटिव्हचा (गुणी नवख्याला सुरुवातीपासून खेळवल्याच्या बक्षिसाचा) जादा ड्राफ्ट पिकही (नवे खेळाडू निवडायची पाळी) मिळाला असता. वर्षही गेलं, पिकही गेला. ऑफिसातल्या कोणी तरी हे भिंतीवर लिहून ठेवायला हवं.

आज हिशोब असा: दोन वर्षं पूर्ण. २०२६ मध्ये पगार किमानच्या आसपास (लीगचा किमान ७,८०,००० डॉलर). २०२७ पासून आर्बिट्रेशन (पगार लवादाच्या मार्गाने ठरतो). २०२९ संपल्यावर फ्री एजंट (कुठल्याही टीमकडे जायला मोकळा). साय यंगचे २५ लाख डॉलर सगळ्या क्लबांच्या सामायिक बोनस पूलमधून मिळतात, आपल्या खिशातून नाही. असा पिचर चार सीझन हातात असताना विकणारा माणूस शोधूनही सापडू नये. ही चर्चा २०२७ संपल्यावर करू.

आता केलर. ५ वर्षं, ७ कोटी ७० लाखांचा करार. उरलेत २०२६ चे १.६५ कोटी, २०२७ चे १.८ कोटी, २०२८ चे २ कोटी, मिळून ५.४५ कोटी डॉलर. ईआरए ४.१९, रेकॉर्ड ६-१५. त्या १५ पराभवांतले निदान निम्मे आपल्या बॅटिंगच्या नावावर टाका. फ्री एजंट बाजारात असा मधल्या फळीचा स्टार्टर याच भावाला किंवा थोडा महाग जातो. म्हणजे समोरच्या टीमला केलर वाजवी दरात मिळतो, फुकटात नाही. त्यामुळे बदल्यात येणारा माणूसही मधल्या फळीचाच असणार. केलर देऊन स्टार बॅट येईल ही कल्पना काढून टाका.

नॉच_४१०

कुठला पिचर द्यायचा यावर सगळे बोलतात. कुठली बॅट घ्यायची यावर कोणीच नाही.

आपल्या पीएनसी पार्क मैदानाचं माप डोळ्यासमोर ठेवा. लेफ्ट फील्डची लाइन ३२५ फूट, पण तिथून भिंत झपाट्याने मागे पळते: लेफ्ट-सेंटरच्या खाचेत ४१०. राइटला लाइन ३२० आणि राइट-सेंटर ३७५. राइटची भिंत २१ फूट उंच आहे खरी (आपला जुना स्टार क्लेमेंटे, त्याचा जर्सी नंबर), पण अंतर कमी. उजव्या हाताचा हिटर लेफ्ट-सेंटरला उंच मारतो तेव्हा दुसऱ्या मैदानावरचा होमरन इथे भिंतीपाशी झेल होतो. म्हणून उजव्या पुल-हिटरचा (लेफ्टकडे ओढून मारणाऱ्याचा) ३० होमरनचा सीझन बघून भाळू नका. ते कुठल्या मैदानावरचे, ते आधी बघा.

यादी करायची तर: डावखुरा, चेंडू हवेत मारणारा, कॉर्नर आउटफिल्ड (लेफ्ट किंवा राइट) किंवा डीएच (फक्त बॅटिंग करणारा). फर्स्ट बेसला हॉर्विट्झ आहे आणि तोही डावखुरा, त्यामुळे दुसरा निव्वळ फर्स्ट बेसमन आणला तर एकाला डीएच करावं लागेल. तेही चालेल.

रायन ओहर्नकडे नीट बघा. डावखुरा, फर्स्ट आणि कॉर्नर आउटफिल्ड दोन्ही खेळतो, आणि सीझनच्या मध्यात ओरिओल्सकडून पाड्रेसकडे ट्रेड झाल्याने त्याला क्वालिफाइंग ऑफर (जुन्या क्लबची एका वर्षाची ऑफर; ती नाकारलेल्याला घेणाऱ्याचा पिक जातो) देताच येत नव्हती. म्हणजे फक्त पैसे, पिक नाही. श्वार्बरचं तसं नाही. ५६ होमरन आहेत, पण फिलीजने ऑफर दिली आहे. तो नाकारून आला तर त्याला घेणाऱ्याला पिक सोडावा लागेल. आपण रेव्हेन्यू शेअरिंग (क्लबांमध्ये वाटल्या जाणाऱ्या उत्पन्नातला हिस्सा) घेणारा क्लब, त्यामुळे आपला तिसरा सर्वात वरचा पिक जाईल. श्वार्बरसाठी तो मी डोळे झाकून देईन. प्रश्न त्याच्या पगाराचा आहे, पिकचा नाही.

इनिंग_मोजा

केलर देण्याला माझा विरोध. भावनेचा नाही, इनिंगचा.

१६२ सामन्यांत साधारण १,४५० इनिंग टाकाव्या लागतात. स्टार्टरांकडून ८५० तरी यायला हव्यात, नाहीतर जुलैपर्यंत बुलपेनचा (स्टार्टरनंतर येणाऱ्या पिचरांचा) चोथा होतो. २०२५ मध्ये स्कीन्सने १८७.२ आणि केलरने १७६.१ टाकल्या. केलर काढला की उरतं काय ते बघा:

स्टार्टर जोन्सची कोपराची शस्त्रक्रिया मे २०२५ मध्ये झाली. एप्रिलमध्ये तो तयार असेल असं धरणं चूक, आणि आला तरी पूर्ण सीझनचा भार नाही. चँडलरने मायनर आणि मेजर मिळून १३० च्या आसपास टाकल्या. त्याला पुढच्या वर्षी १६० च्या वर नेणं धाडसाचं. अ‍ॅशक्राफ्ट बराचसा वेळ बुलपेनमधून आला. ओव्हिएडो २०२४ पूर्ण बाहेर होता, ऑगस्ट २०२५ मध्ये परतला, आणि वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट बेस) अजून जास्त देतो. प्रत्येकाच्या बाटलीत अर्धंच पाणी आहे. केलर हा एकटा असा की दर पाचव्या दिवशी उभा राहतो आणि सहाव्या इनिंगपर्यंत नेतो. तो द्यायचा तर तेवढ्या १७५ इनिंग बाहेरून विकत घ्याव्या लागतील, आणि वाचवलेले १.६५ कोटी तिथेच जातील.

द्यायचाच तर ओव्हिएडो किंवा बरोज द्या. ओव्हिएडोवर कंट्रोलची (क्लबचा हक्क असलेली) फक्त दोनच वर्षं उरलीत (२०२७ पर्यंत). आपण २०२६ ला जिंकणार नसू तर त्याची किंमत आपल्याला कमी आणि आत्ता जिंकायला निघालेल्या टीमला जास्त. अशाच ठिकाणी ट्रेड जुळतो.

बुलपेन_फोन

@इनिंग_मोजा, इनिंगचा मुद्दा मान्य. पण मग येणारी बॅटही ओव्हिएडोच्या मापाचीच: ट्रिपल-ए (मायनरची सगळ्यात वरची पायरी) मधला, ताकद असलेला पण स्ट्राइकआउट जास्त असलेला आउटफिल्डर. ती सट्ट्याची चिठ्ठी आहे. ५८३ रन करणाऱ्या टीमला सट्टा नको, रोजचा हिटर हवा.

बॉस्टनचं उदाहरण घ्या. अँथनी, ड्युरान, अब्रेयू, राफाएला: आउटफिल्डर चार आणि जागा तीन, स्टार्टर मात्र हवेत. अब्रेयू डावखुरा आहे, २०२४ आणि २०२५ ला राइट फील्डचं गोल्ड ग्लव्ह (फील्डिंगचा पुरस्कार) आणि २०२९ पर्यंत कंट्रोल. त्याच्यासाठी केलर पुढे केला तर ते हसून फोन ठेवतील. ते चँडलरच मागणार. ड्युरानवर एक वर्ष कमी, आर्बिट्रेशनचा पगारही वाढत जाणार, म्हणून तिथे बोलणं शक्य आहे: बरोज आणि शिवाय एक लोअर मायनरचा पिचर, असं काही तरी.

सातवी_इनिंग

चँडलरला हात लावू नका. डेब्यू २२ ऑगस्टला, ३८ दिवस आणि ५० पेक्षा कमी इनिंग, म्हणून २०२६ मध्ये तो अजून रुकीच धरला जाईल. सुरुवातीपासून रोटेशनमध्ये ठेवला, पूर्ण वर्ष भरलं आणि रुकी ऑफ द इयर झाला, तर यावेळी तो जादा पिक आपला. स्कीन्सच्या वेळी हुकलं ते इथे साधता येतं.

मायनरमधला आपला शॉर्टस्टॉप ग्रिफिन, त्याच्यासाठी मात्र हेच गणित लावू नका. तो १९ वर्षांचा आहे. पिकच्या लोभाने एप्रिलमध्ये आणला आणि बाहेर जाणाऱ्या स्लायडरमागे धावत .१८० च्या बॅटिंग सरासरीवर अडकला, तर जून उजाडेपर्यंत पिकही नाही आणि पोराचा आत्मविश्वासही नाही.

४०_वा_माणूस

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, म्हणून मी घालतो.

सीझनमध्ये ६० दिवसांच्या इंज्युर्ड लिस्टवर टाकलेला खेळाडू ४० मध्ये मोजत नाहीत. वर्ल्ड सिरीज संपली की पाच दिवसांत ती सोय बंद होते आणि स्प्रिंग ट्रेनिंगपर्यंत परत मिळत नाही. म्हणजे जोन्स आत्ता एक जागा खातोय. दुखापतींची यादी लांब असलेली टीम नोव्हेंबरात अचानक भरलेली दिसते ती यामुळे.

रूल ५ चं सूत्र: सही करताना वय १८ किंवा कमी असेल तर पाच सीझन, १९ किंवा जास्त असेल तर चार. यंदा साधारणपणे २०२१ च्या ड्राफ्टमधले हायस्कूलवाले आणि २०२२ चे कॉलेजवाले संरक्षणाला येतात. कोणाला वाचवायचं हे गुणवत्तेवर नाही, समोरची टीम त्याला वर्षभर २६ जणांच्या खेळत्या संघात ठेवू शकेल का यावर ठरवा. उचलणाऱ्याला १ लाख डॉलर भरावे लागतात आणि पूर्ण सीझन २६ मध्ये ठेवावं लागतं. नाही ठेवलं तर वेव्हरवर टाकून (इतर टीमना घ्यायची संधी देऊन) ५० हजारात मूळ क्लबला परत देऊ करावं लागतं. त्यामुळे सिंगल-ए मधल्या २१ वर्षांच्या शॉर्टस्टॉपला सहसा कोणी हात लावत नाही. धोका असतो तो डबल-ए आणि ट्रिपल-ए मधल्या ताशी ९७ मैलांनी टाकणाऱ्या रिलीव्हरला (बुलपेनच्या पिचरला), कारण तो बुलपेनच्या शेवटच्या खुर्चीत लपवता येतो. बाकी रूल ५ ला हसू नका, क्लेमेंटे आपल्याकडे डॉजर्सकडून १९५४ मध्ये याच वाटेने आला.

जागा काढायचे रस्ते:

एक, दोन द्या आणि एक घ्या असा ट्रेड. आपले दोघेही ४० मधले असतील तर एक जागा सुटते. उलट एक देऊन ४० मधले दोन घेतले तर जागा आधी रिकामी करावी लागते. अफवांमध्ये हे कोणी तपासत नाही.

दोन, ऑप्शन (खेळाडूला वेव्हरशिवाय मायनरमध्ये पाठवायचा हक्क) बघा. तीन ऑप्शन वर्षं असतात, आणि मायनरमध्ये एकूण २० दिवसांपेक्षा कमी राहिला तर ते वर्ष जळत नाही. ज्याचे ऑप्शन संपलेत तो एप्रिलमध्ये २६ मध्ये तरी बसतो नाहीतर वेव्हरवर जातो. असा पिचर आत्ता विकला तर काही तरी मिळतं. मार्चअखेरीस सगळ्यांना ठाऊक असतं की आपण त्याला सोडणारच, मग कोण कशाला काही देईल?

तीन, डीएफए (खेळाडूला ४० मधून काढणं). तो करताच जागा लगेच मोकळी होते, पण सात दिवसांत ट्रेड, वेव्हर किंवा सुटका ठरवावी लागते.

जुलै_३१

एकच सांगतो. ट्रेडमध्ये "नंतर नाव ठरवायचा खेळाडू" दिसला की तो फालतू समजू नका. २०१८ ला आपण रेजकडून पिचर आर्चर घेतला तेव्हा, दिलेल्या ग्लासनाऊ आणि मेडोजवरच सगळे ओरडत होते, दोन आठवड्यांनी तिसरं नाव आलं ते शेन बाझ. सहा महिन्यांच्या आत नाव द्यायचं असतं, आणि ते सहसा आधीच ठरलेल्या छोट्या यादीतून निवडतात. यादीत कोण आहे, खरी किंमत तिथे असते.

पाचवा_स्टार्टर

छान चर्चा झाली. मग असं मांडतो: केलर ठेवायचा, चँडलर ठेवायचा. ओव्हिएडो एका ट्रिपल-ए आउटफिल्डरसाठी, बरोज एका तयार डावखुऱ्या हिटरसाठी, आणि ओहर्नला दोन वर्षांचा करार. सेंटर फील्डर क्रूझचं काय? २० होमरन, ३८ स्टील (चोरलेले बेस), पण अ‍ॅव्हरेज .२००.

नॉच_४१०

क्रूझ आत्ता विकणं म्हणजे तळाच्या भावाला विकणं. मे महिन्यात ताशी १२२.९ मैलांनी मारलेला होमरन लीगच्या स्टॅटकास्ट यंत्रणेच्या मोजणीतला सगळ्यात जोरदार फटका आहे, ती ताकद कुठे जात नाही. डावखुऱ्या पिचरसमोर त्याची बॅट बंद पडते, म्हणून त्या दिवशी त्याला बसवा आणि सेंटर फील्ड खेळणारा उजवा चौथा आउटफिल्डर आणा. तो स्वस्तात मिळतो.

इनिंग_मोजा

ओव्हिएडो आणि बरोज दोघेही दिले तर माझं इनिंगचं गणित परत उभं राहतं. दोनपैकी एकच. किंवा दोघांना देऊन एका वर्षाच्या करारावर एखादा डावखुरा जुना स्टार्टर घ्या, १३० इनिंग टाकणारा, ईआरए साडेचार असला तरी चालेल.

४०_वा_माणूस

तो चौथा आउटफिल्डर आणि तो जुना स्टार्टर दोघांसाठीही २१ नोव्हेंबरपर्यंत थांबा. त्या संध्याकाळी आर्बिट्रेशनचा पगार नको म्हणून बऱ्याच टीम खेळाडूंना करार न देता सोडतात. त्यांना घ्यायला ना ट्रेड लागतो ना पिक. फक्त त्या दिवशी ४० मध्ये दोन जागा मोकळ्या हव्यात, म्हणून रूल ५ च्या यादीत काठावरच्या दोघांना घुसवू नका.