लपवण्यासारखं काही नाही, म्हणून नंबर वाटत सुटायचं का?

निर्गुडी

परवा 'पेन्शनर' यांनी लिहिलं की अनोळखी फोन आला की ते आधी ॲपवर नाव शोधतात, आधारची झेरॉक्स मागेल त्याला देतात, आणि "ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्याला भीती कसली?" खाली सहमत, सहमतची रांग लागलीय. माझं उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

मी बचत गटांतल्या बायकांची कागदपत्रं करून देते. आमच्या बाजारपेठेत झेरॉक्सचं दुकान आहे. बायका ई-आधारची फाइल दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर टाकतात, तो ती संगणकावर उतरवून घेतो. फाइलीचा पासवर्ड सगळ्या गावाला पाठ: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि पुढे जन्मसाल. "मावशी, साल कुठलं?" तो गर्दीत ओरडून विचारतो, मावशी ओरडून सांगतात. प्रिंट निघते, मावशी घरी जातात, फाइल तिथेच राहते. मी मागे उभी राहून पाहिलंय, डाउनलोडचा फोल्डर कितीही खाली नेला तरी आधारच्या फाइली संपत नाहीत. दुकानदार माणूस चांगला आहे. फाइल पुसायची असते हे त्याला आजवर कुणी सांगितलेलंच नाही.

सांगणार कोण? मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं पत्रक काढलं होतं की झेरॉक्स कुणाला देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार वापरा. दोन दिवसांत सरकारनं ते मागे घेतलं, लोकांचा गैरसमज होईल म्हणून. वर सांगितलं, नेहमीची खबरदारी घ्या.

आणि ते नंबर शोधायचं ॲप. माझ्या नंबरासमोर माझं नाव मी टाकलेलं नाही. कुणीतरी आपली अख्खी फोनवही उघडून दिली किंवा नाव सुचवलं. माझा नंबर देऊन टाकायचा हक्क माझ्या वहिनीला किंवा गॅसवाल्याला कुणी दिला? दुकानात बिलासाठी मोबाइल नंबर मागायची सक्ती करू नका असं ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्येच बजावलंय. तरी मी नको म्हटलं की काउंटरवरची मुलगी माझ्याकडे अशी बघते, जणू मी पैसे बुडवून पळणार आहे.

पेन्शनर

माझं नाव घेऊन धागा काढलात, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

माझी नोकरी पुरवठा खात्यात गेली. मेलेल्या माणसांच्या नावावर धान्य उचललेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. एका घरात तीन-तीन शिधापत्रिका, आणि खरा गरजू दाराबाहेर उभा. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. ज्यांच्याकडे दाखवायला एक कागद नव्हता अशा आदिवासी माणसांना ते मिळालं, हे शहरात बसून विसरायला होतं. पूर्वी मी दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांग लावायचो. आता घरी बसून होतं. या सोयी फुकटात मिळाल्यात का?

जुलै २०१८ मध्ये ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, तेव्हाचे अध्यक्ष शर्मा यांनी स्वतःचा आधार क्रमांक ट्विटरवर टाकून आव्हान दिलं होतं, नुकसान करून दाखवा. काय झालं त्यांचं?

अनवट

@पेन्शनर, त्यांचा मोबाइल नंबर, पत्ता, पॅन काही तासांत लोकांनी चव्हाट्यावर मांडला, ते झालं.

पेन्शनर

ती माहिती आधारच्या साठ्यातून फुटलेली नव्हती. आधार प्राधिकरणानं तेव्हाच खुलासा केला होता. इकडची तिकडची माहिती लोकांनी जुळवली.

निर्गुडी

मग मी दुसरं काय म्हणतेय? साठा फोडायची गरजच नाही. एक आकडा दहा ठिकाणी दिला की दहा ठिकाणची माहिती त्या आकड्यानं जुळते. शर्मा मोठे अधिकारी होते. माझ्या गटातल्या बाईच्या खात्याचं तसं झालं तर ती कुणाला आव्हान देणार?

नुकसान विचारता तर ऐका. गावात अंगठा लावून पैसे काढायची सोय आहे ना, तिला लागतं काय? आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा. ओटीपी नाही, पिन नाही. आणि अंगठा तर आपण जमिनीच्या प्रत्येक दस्तावर उमटवून ठेवलाय. तेलंगणात २०१८ मध्ये पोलिसांनी असं प्रकरण पकडलं, नोंदणी खात्याच्या दस्तांवरचे ठसे उतरवून घेऊन रबरी अंगठे केले होते, आणि त्यावर सिमकार्डं चालू केली होती. पिन बदलता येतो. अंगठा कुठून बदलून आणायचा?

खडूस_काका

बायोमेट्रिक लॉक करायची, म्हणजे ठसे वापरता येऊ नयेत असं करायची, सोय आधारच्या ॲपमध्ये आहे. आधार क्रमांकाऐवजी द्यायचा सोळा आकडी व्हर्च्युअल आयडी २०१८ पासून आहे. लोक वापरत नाहीत, यात यंत्रणेचा काय दोष?

सोलापुरी_चादर

काका, लॉक कुणी करायचं? माझ्या आईनं? तिनं जन्मभर विड्या वळल्या. बोटांवर रेषा राहिल्यात कुठे? रेशन दुकानात मशीन तिला ओळखत नाही. आधी हात साबणानं धुवायला लावतात, मग पदराला पुसायला लावतात, मग दुसरं बोट, मग तिसरं. मागे रांग चुळबुळ करते. दुकानदार म्हणतो, उद्या या, सर्व्हर डाउन असेल. उद्या म्हणजे उद्याची मजुरी गेली. तिला तिच्याच गल्लीत सगळे नावानं हाक मारतात, आणि मशीन म्हणतं ही ती नव्हे.

पेन्शनर काका, मेलेल्यांच्या नावावरचं धान्य थांबलं, चांगलं झालं. जिवंत माणसाचं अडलं त्याचं काय?

पेन्शनर

बोट जुळलं नाही तर डोळ्याचं स्कॅन किंवा ओटीपी चालतो. दुकानदार धान्य नाकारत असेल तर तहसीलला तक्रार करा.

सोलापुरी_चादर

ओटीपी ज्या नंबरवर येतो तो नंबर माझ्या भावाचा. भाऊ पुण्याला कंपनीत शिफ्टवर. आई दुकानात उभी, भावाचा फोन लॉकरमध्ये. तहसीलला तक्रार करायची तर आणखी एक दिवस खाडा. तुम्ही त्या खात्यात होतात ना? मग हे तुम्हाला माहीत हवं होतं.

रातराणी

मला निर्गुडीताईंचा फोन नंबरवाला मुद्दा अजिबात पटला नाही.

मी नर्स आहे, रात्रपाळी असते. वर्षभर एक माणूस वेगवेगळ्या नंबरांवरून फोन करून घाण बोलायचा. चौकीत विचारलं, कोण आहे माहीत आहे का? शेवटी एका नंबरावर ॲपनं नाव दाखवलं, आमच्याच बिल्डिंगमध्ये पूर्वी काम करणारा निघाला. नाव घेऊन गेले तेव्हा तक्रार लिहून घेतली. ते ॲप नसतं तर मी अजून रात्री फोन बंद ठेवून झोपत असते. तुमच्या वहिनीनं तुमचा नंबर दिला म्हणून तुम्हाला राग येतो. कुणीतरी त्याचा नंबर दिला म्हणून मी सुटले.

निर्गुडी

रातराणी, तुमचा त्रास खरा आहे, आणि तुम्ही ॲप वापरलंत यात गैर काही नाही. पण एक विचारते. त्याला तुमचा नंबर मिळाला तेव्हा त्यानं तो त्याच ॲपवर टाकला नसेल? त्यालाही तुमचं नाव दिसतच होतं. तुम्हाला एका माणसाचं नाव कळलं, तुमचं नाव मात्र प्रत्येकाला कळतं. चौकीत कंपनीकडून नाव मागवायचा अधिकार आहे. तो त्यांनी वापरला नाही, म्हणून तुम्हाला ॲपकडे जावं लागलं.

रातराणी

अधिकार आहे हो. वापरतं कोण? तोवर मी काय करायचं?

त्याला माझं नाव दिसत होतं हे मात्र बरोबर आहे. तो नावानंच बोलायचा.

खडूस_काका

सिम घेताना दिलेलं नाव थेट फोनवर दिसावं अशी शिफारस ट्रायनं फेब्रुवारी २०२४ मध्ये केलीय. ते झालं की खासगी ॲपची कटकटच नको.

अनवट

आणि ज्या बाईचं सिम नवऱ्याच्या नावावर आहे तिनं फोन केला की नवऱ्याचं नाव दिसणार. उत्तम.

सातबारा

अवांतर होतंय, पण नावाचा विषय निघालाच आहे तर लिहितो, कारण आमचं खरं दुखणं नंबर नाही, नाव आहे. सातबाऱ्यावर आजीचं नाव गंगुबाई. आधारवर गंगाबाई. पासबुकात नुसतंच गंगू. १५ एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो. तो काढायला गेलो तर ऑपरेटर म्हणतो, नाव जुळत नाही, आधी आधार दुरुस्त करा. आधारवाला म्हणतो, पुरावा आणा. पुरावा म्हणून सातबारा दाखवला तर म्हणतो, हा चालत नाही. तलाठ्याकडे गेलो तर तो म्हणतो, आधारप्रमाणे अर्ज करा. फिरा गोल गोल.

जन्मतारीख तर विचारूच नका. आमच्या पिढीतल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जून, कारण मास्तरांनी शाळेत घालताना तीच लिहिली. आधारच्या ऑपरेटरनं त्याच पोरांना १ जानेवारी लावली. आता आधारवरची जन्मतारीख आयुष्यात एकदाच बदलता येते, नाव दोनदा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघात भरपाईच्या खटल्यात वयासाठी आधार नाही, शाळेचा दाखला धरला. म्हणजे १ जून खरी!

खडूस_काका

स्पष्ट बोलतो. नावांचा निम्मा घोळ बायकांनी लग्नानंतर नाव बदलल्यामुळे होतो. माहेरचंच नाव ठेवलं असतं तर ही भानगडच नव्हती. स्वतः गोंधळ करायचा आणि सरकारला दोष द्यायचा.

सोलापुरी_चादर

काका, तोंड सांभाळा.

माझ्या आईला विचारलं होतं का कुणी? लग्नात ताटात तांदूळ पसरले, वडिलांनी अंगठीनं नवं नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले, संपलं. आडनावच नाही, पाळण्यातलं नावही गेलं. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, आधारवर दुसरी. दोन्ही एकच हे सिद्ध करायला तिला राजपत्रात छापून आणायला सांगतात. गोंधळ तिनं केला?

रातराणी

+१. मी नाव बदललं नाही. तरी मुलाच्या शाळेत दरवर्षी विचारतात, "मॅडम, तुमचं आडनाव वेगळं कसं?" बदललं तरी तुम्ही बोलणार, नाही बदललं तरी तुम्हीच बोलणार.

खडूस_काका

मी सरसकट बोललो नव्हतो. व्यवहाराचं बोललो. राग येत असेल तर सोडून द्या.

अनवट

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आलाय. निर्णय चांगलाच आहे. पण अर्जात रकाने तीनच असले तर आईचं नाव जाणार कुठे? माझ्या बहिणीनं एका ठिकाणी ते बाळाच्या नावाला जोडून लिहिलं, दुसरीकडे वडिलांच्या. दीड वर्षाच्या पोराची दोन नावं झालीत.

सातबारा

त्याला पण आता गंगुबाईच्या रांगेत उभं करा.

पेन्शनर

विषय कुठल्या कुठे गेला. नावांची तफावत ही ऑपरेटरची चूक आहे, आधारची नव्हे.

निर्गुडी

विषय कुठेही गेलेला नाही. तुम्ही म्हणालात, प्रामाणिक माणसाला भीती कसली. वरच्या प्रतिसादांत अप्रामाणिक कोण आहे सांगा. गंगुबाई? विड्या वळणारी आई? दीड वर्षाचं पोर?

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली तेव्हा बाईच्या आधाराबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार आणि त्यांचा ओटीपी मागितला. आमच्या गटातल्या एकीचा नवरा वारलाय, वडील त्याच्या आधीच गेले. ती माझ्यासमोर बसून विचारत होती, "ताई, ओटीपी वर पाठवतील का?" ही फसवणारी बाई आहे? लबाड माणूस दहा कागद जमवतो, त्याच्याकडे सगळं जुळलेलं असतं. अडते ती जिचं काही जुळत नाही.

पेन्शनर

विधवांचा मुद्दा रास्त आहे. तो शासनानं आधीच विचारात घ्यायला हवा होता. बोटं न उमटणाऱ्यांसाठी दुकानदाराला वहीत सही घेऊन धान्य देण्याची मुभा असावी, हेही मी मान्य करतो. आमच्या वेळी वहीच होती. पण त्याच वहीत मेलेली माणसं धान्य उचलायची, हेही तुम्ही मान्य करा.

झेरॉक्सबद्दल माझं मत बदललेलं नाही. बँकेत, सोसायटीत, गॅस एजन्सीत मागतात, तिथे वाद घालत बसायला मला वेळ नाही.

निर्गुडी

मान्य केलं. वहीतही चोरी होत होती.

वाद घालू नका, पण झेरॉक्सवर आडवी रेघ मारून कशासाठी दिली आणि तारीख काय, एवढं लिहा. नाहीतर चारच आकडे दिसणारी प्रत द्या. तिचीही प्रिंट निघते, पैसेही तेवढेच पडतात. आणि संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर जाऊन आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते बघा. आमच्या गटात आम्ही सगळ्यांची बघितली. दोघींच्या नावावर असे नंबर निघाले जे त्यांनी कधी घेतलेच नव्हते. दोघींनीही झेरॉक्स मोकळ्या हातानं दिल्या होत्या.

पेन्शनर

बघितलं. माझ्या नावावर चार. तीन माझे आणि घरच्यांचे आहेत. चौथा कुणाचा ते मुलाला विचारतो.

सातबारा

मुलाचा नसेल तर तिथेच 'हा माझा नंबर नाही' असं नोंदवता येतं. आणि निर्गुडीताई, राजपत्राचा अर्ज घरून भरता येतो का हे सांगा. आजीला जिल्ह्याला नेणं आता होत नाही.

निर्गुडी

ऑनलाइन भरता येतो. आजीची कागदं आधी एकत्र काढून ठेवा आणि तिन्ही ठिकाणचं स्पेलिंग मला इथेच कळवा. फोटो टाकू नका.