मदत हवी आहे: ‘रिलीव्ह’ने घोळ घातला, आता बरोबर क्रियापद कोणतं?

नमस्कार मंडळी,

आमच्या टीममधली एक जण मँचेस्टरहून काम करते. वडील आजारी, घरात दोन लहान मुलं, त्यात आमचा मार्चएंड. परवा कॉलवर तिने सगळं घडाघडा सांगितलं. मी टीम लीड, म्हटलं तिच्या अंगावरचं थोडं काम आपण उचलू. मेल टाकला: ‘आय वुड लाइक टु रिलीव्ह यू ऑफ युअर ड्यूटीज.’ पाच मिनिटांत फोन, आवाज रडवेला. मला काढलंत का म्हणून!

‘रिलीव्हड ऑफ ड्यूटीज’ म्हणजे सभ्य शब्दांत हातात नारळ, हे नंतर कळलं. आपण इथे रिलीव्हिंग लेटर मागून घेतो, तेव्हा खरं तर डोक्यात यायला हवं होतं.

शिवाय साहेबांना लिहिलं, ‘शी कन्फाइडेड मी हर वरीज.’ कॉम्प्युटरने खाली रेघ मारली, तरी तसंच पाठवलं.

मराठीत ‘मन मोकळं केलं’ म्हटलं की भागतं. इंग्रजीत कन्फाइड, अनबर्डन, व्हेंट, ऑफलोड यातलं कुठे काय? आणि कामाचा भार कमी करतोय हे, समोरच्याच्या पोटात गोळा न आणता, कसं लिहायचं?

प्रतिसाद १:
कन्फाइडच्या मुळाशी लॅटिनमधला ‘विश्वास’ आहे. कॉन्फिडन्स त्याचाच भाऊबंद. माणूस लगेच पुढे आला तर ‘इन’ लागतं: शी कन्फाइडेड इन मी. चिंता आधी आली तर ‘टु’: कन्फाइडेड हर वरीज टु मी. पण हा शब्द विश्वासाने सांगितलेल्या खाजगी गोष्टीचा. तो साहेबांच्या मेलमध्ये म्हणजे चहाडीची लेखी कबुलीच की हो!

बरेच दिवस साचलेलं सांगून हलकं वाटलं तर ‘अनबर्डन्ड हरसेल्फ’, ते ‘हरसेल्फ’ विसरू नका. व्हेंट म्हणजे कुकरची शिट्टी: राग, वैताग. ऑफलोडमध्ये ऐकणाऱ्याची कुरकुर असू शकते, स्वतःचं ओझं माझ्या डोक्यावर टाकलं अशी.

प्रतिसाद २:
रिलीव्ह वाईट नाही. पहारेकऱ्याची पाळी संपली की दुसरा येऊन त्याला रिलीव्हच करतो. तुमच्या वाक्यात माणूस मोकळा झाला, तिथे ताण मोकळा करा: ‘रिलीव्ह सम ऑफ द प्रेशर’. आणि ‘ड्यूटीज’ असं मोघम नको, कामाचं नाव घ्या: ‘लेट मी टेक द मंथली रिपोर्ट ऑफ युअर प्लेट.’ आपल्याकडे ताटातलं उचललं तर भांडण होईल, तिकडे आभार मानतात.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. ताटातला रिपोर्ट उचलला, तिचं ‘ब्लेस यू’ आलं. साहेबांना गेलेला मेल परत ओढता येतो का, त्यासाठी वेगळा धागा काढतो.