मदत हवी आहे: कुत्रा गेला, पण बाबा म्हणतात आपण त्याला जिवंत पुरला

परड्यातला

कुठल्या विभागात टाकायचं कळलं नाही, चुकलं असेल तर धागा हलवा.

आमचा बंड्या गेल्या मंगळवारी गेला. गावठीच. २०१२ च्या पावसात चिपळूणच्या एसटी स्टँडमागे बाबांना सापडला तेव्हा ओंजळीत मावत होता आणि अंगभर गोचिडी होत्या. आई म्हणाली, दोन दिवस ठेवा, मग बघू. ते दोन दिवस तेरा वर्षं चालले.

२२ जुलै २०२१ चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आमचं घर सखल भागात. पहाटे बंड्यानं जिन्यावर उभं राहून जो कालवा केला त्यानं आईबाबा उठले. खाली उतरले तर घोटाभर पाणी. वर गॅसची शेगडी आणि तांदळाचा डबा नेईपर्यंत ते कमरेला लागलं. पुढचा सगळा वेळ तिघं माळ्यावर. मी पुण्यात फोन लावत बसलो होतो, लागत नव्हता. त्यानंतर बाबा त्याला कधी ‘कुत्रा’ म्हणाले नाहीत, कोणी म्हटलं तर ‘बंड्या नाव आहे त्याचं’ असं सांगायचे.

या मे महिन्यात तो पाणी फार प्यायला लागला. आईला वाटलं उन्हाळा आहे. जूनमध्ये जेवण सोडलं, तोंडाला वास यायला लागला, तेव्हा रक्त तपासलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, ९.४. किडन्या गेल्या होत्या. दीड महिना रोज कातडीखाली सलाईन. बाबा ७१ वर्षांचे, पण सुई टोचायला शिकले. शेवटच्या आठवड्यात तोंडात फोड आले, पाणीही ओकायला लागला, उभं राहता येईना. डॉक्टर म्हणाले, आता इंजेक्शन देऊन कायमचं झोपवणं बरं. बाबा काही बोलेचनात, आईनं मला फोन लावला. ‘हो’ मी म्हणालो. पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभं राहून.

सकाळी साडेदहाला डॉक्टर घरी आले. इंजेक्शन दिलं, तपासलं, ‘गेला’ म्हणाले आणि निघाले, पुढे कुठे तरी म्हैस अडली होती. त्यानंतर बाबांच्या समोर बंड्यानं एक मोठा श्वास घेतला. मागचा पाय थरथरला. डोळे उघडेच होते. आई स्वयंपाकघरात होती, तिनं पाहिलं नाही.

त्याला आमच्या वरच्या वाडीत फणसाखाली पुरला. दीड हात माती आणि खाली कातळ, त्यात पाऊस. शेजारचा मुलगा मदतीला होता तरी चार वाजले. खड्डा खोदून झाला आणि मग पुरेना, कारण त्याचे पाय दुमडत नव्हते. बाबांनीच परत पहार घेतली आणि फूटभर लांब केला. पाच किलो जाडं मीठ घातलं.

आता बाबा म्हणतात, तो मेला नव्हता, आपण त्याला जिवंत पुरला. आधी मला वाटलं दुःखात बोलतायत. पण ते रात्री टॉर्च घेऊन वाडीत जाऊन उभे राहतात. परवा आईला म्हणाले, उकरून बघू का.

मी काय सांगू त्यांना? आणि खरं सांगायचं तर मलाही आता खात्री वाटत नाही. कोणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया लिहा.

सुमेधा_क

वाचून घशात आवंढा आला. मला वैद्यकीय काही कळत नाही. पण आमच्या घरी उलटं झालं होतं. आमच्या राणीला झोपवायला माझे सासरे तयार झाले नाहीत, ‘आपण कोण ठरवणार’ म्हणाले. ती दोन रात्री ओरडत होती. दुसऱ्या रात्री सासरे स्वतःच म्हणाले, कोणाला तरी बोलवा. रात्री अडीच वाजता कोण येणार? म्हणून तुम्ही जिन्यात उभं राहून जे ‘हो’ म्हणालात, त्याबद्दल स्वतःला खाऊ नका.

टोकदार

माणसं मरतात तेव्हा एवढे प्रतिसाद येत नाहीत. कुत्र्याचं सुतक पाळणार आहात का?

परड्यातला

टोकदार, नाही पाळणार. प्रश्न बाबांचा आहे, ते माणूसच आहेत.

निवृत्त_गुरांचा_डॉक्टर

मी ३१ वर्षं सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात काढली. तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे, तुमचं लक्ष गेलेलं नाही.

पाय दुमडत नव्हते म्हणून खड्डा वाढवावा लागला, असं तुम्ही लिहिलंय. साडेदहाला इंजेक्शन, चारला माती. म्हणजे साडेपाच तास. जीव गेल्यावर स्नायूंना सैल पडायला लागणारी शक्ती तयार व्हायची थांबते आणि ते जागच्या जागी आखडतात. कुत्र्यात हे काही तासांत होतं आणि खंगलेल्या जनावरात आणखी लवकर. भूल दिलेलं किंवा बेशुद्ध जनावर ओल्या पंचासारखं लोंबतं, कसंही दुमडा. ज्याचे पाय दुमडत नव्हते तो बंड्या सकाळीच गेलेला होता. वडिलांनी स्वतःच्या हातांनी ते तपासलंय, फक्त त्याचा अर्थ त्यांना कोणी सांगितला नाही.

आता त्या श्वासाविषयी. हृदय थांबल्यावरही मेंदूच्या तळाचा भाग एखाद-दुसरा आचका देतो. बघणाऱ्याला तो श्वासच वाटतो, आणि चांगला मोठा असतो. पाय थरथरणं, लघवी होणं, हेही होतं. त्यात जाणीव नसते. मोठ्या मात्रेत भुलीचं औषध आधी जातं, त्यानं शुद्धच हरपते, वेदना जाणवत नाही, हृदय थांबतं ते नंतर. डोळ्यांचं म्हणाल तर मिटायला स्नायूंची ताकद लागते, म्हणून जनावरं बहुधा उघड्या डोळ्यांनीच जातात. हातानं मिटवलेत तरी परत उघडतात.

हे सगळं इंजेक्शन भरायच्या आधी घरच्यांना सांगायचं असतं. तुमच्या डॉक्टरांची म्हैस अडली होती हे खरं असेल, मीही अशा म्हशींमागे पळालोय. आणि मीही अनेकदा सांगायचं विसरलोय, ते आज हा धागा वाचून आठवलं.

उकरू मात्र अजिबात देऊ नका. जे दिसेल ते वडिलांना कायम दिसत राहील. शिवाय त्या औषधाचा अंश शरीरात राहतो, कोल्ह्या-कुत्र्यांनी ओढलं तर त्यांना विषबाधा होऊ शकते. कातळामुळे खड्डा उथळ राहिला असेल तर वर चिरे रचा.

एक आईसाठी. किडनीचा साधारण तीन-चतुर्थांश भाग निकामी झाल्याशिवाय क्रिएटिनिन वाढत नाही. मे महिन्यात तपासलं असतं तर थोडं आधी कळलं असतं, काही आठवडे मिळाले असते कदाचित. किडनी परत आली नसती.

मुलुंडकर_मावशी

डॉक्टर, तुमचं उत्तर मी जपून ठेवतेय.

परड्यातला, तुमच्याकडे वाडी तरी आहे. आम्ही फ्लॅटवाले. आमच्या लाडूच्या वेळी कुठे न्यायचं हेच कळेना, वॉचमन म्हणाला खाडीत सोडा. आता मालाडला महापालिकेनं प्राण्यांसाठी गॅसवरची दहनाची सोय केली आहे, २०२३ पासून. मुंबईतल्या कोणाला लागलं तर ध्यानात असू द्या.

एक सुचवते. लगेच नवीन पिल्लू आणून बाबांच्या मांडीवर ठेवू नका. माझ्या भावानं आणलं होतं, चांगल्या मनानंच. मी त्या पिल्लाकडे महिनाभर बघितलंसुद्धा नाही, त्याची काय चूक?

वेदू_जोशी_नव्हे

तेराव्याला काही करावं का असं बाबांच्या मनात असेल तर करू द्या, भटजींना विचारायच्या फंदात पडू नका. पितृपक्षात आपण गाय आणि कावळ्यासोबत कुत्र्यालाही घास काढतोच. म्हणजे पानावर त्याची जागा आधीपासून आहे. टोकदार यांनी खंडोबाला जाऊन स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवणाऱ्या वाघ्यांना सुतकाचं विचारावं.

टोकदार

बरं. मी माझे शब्द मागे घेतो. धागा पूर्ण न वाचता लिहिलं होतं.

परड्यातला

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय कारण शनिवारी चिपळूणला आलो.

फोनवर हे सांगण्यासारखं नव्हतं. बाबांना वाडीतच डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. चष्मा नव्हता म्हणून मला परत वाचायला लावला, पाय ताठ होण्याचा भाग तर तीनदा. मग म्हणाले, “पुढचा पाय मी छातीशी घ्यायला बघितला. थंडी वाजेल म्हणून. वळला नाही.” एवढंच. बराच वेळ पहारीनं आजूबाजूचं गवत सारखं करत राहिले. मग विचारलं, “हे लिहिणारा डॉक्टर खरा आहे ना? मोबाईलवर कोणीही काहीही लिहितं.”

म्हणून आमच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तेही तेच म्हणाले. निघायच्या आधी छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं होतं, बुबुळाला बोट लावून पाहिलं होतं, पापणी हलली नव्हती. आधी सांगायला हवं होतं, घाईत राहिलं, असं स्वतःहून म्हणाले. बाबांनी त्यांना एकच विचारलं, म्हैस वाचली का. वाचली म्हणे, पारडूपण.

रविवारी जुन्या गडग्याचे आठ चिरे आणून फणसाखाली रचले. एक बाबांनी मुद्दाम सपाट बघून घेतला, बसायला. उरलेल्या सलाईनच्या बाटल्या डॉक्टरांना देऊन आलो, कोणाला तरी लागतील. पट्टा आणि ताटली अजून जिन्याखालीच आहे. आईनं एकदा हात लावला आणि परत ठेवली, मी काही बोललो नाही.

मला विचाराल तर मी ठीक आहे असं म्हणणार नाही. आई म्हणते बाबांनी त्या ‘हो’बद्दल माझ्यावर एकदाही राग काढला नाही. चिरे उचलताना ते आपणहून म्हणाले, “तू बोललास ते बरं झालं, माझ्या तोंडून निघालं नसतं.” त्यावर मी काय बोललो ते आता आठवत नाही.

काल रात्री ते टॉर्च घेऊन गेले नाहीत. पहाटे साडेपाचला वाडीत गेले, पण ते तर बंड्या होता तेव्हाही जायचेच.