‘ओपनहायमर’ आणि आठवी-नववीतली मुलं

अणुबॉम्ब बनवणारे शास्त्रज्ञ ओपनहायमर यांच्यावरच्या या चित्रपटाबद्दल काही पालक विचारतात, ‘आपल्याकडे यू/ए (पालकांच्या मार्गदर्शनाखाली मुलांनाही चालेल असं प्रमाणपत्र) होता, मग चौदाच्या मुलाला दाखवायला काय हरकत?’ भारतात २०२३ साली नग्नता झाकलेली प्रत लागली होती. अमेरिकेत तोच चित्रपट ‘आर’ (सतराखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश), ब्रिटनमध्ये १५ वर्षांवरील. त्यामुळे पुणे आणि लंडनच्या पालकांना एकच उत्तर लागू नाही.

तसंही नग्नतेची दृश्यं मोजकीच. ओपनहायमरची प्रेयसी जीन टॅटलॉकचा बाथटबमधला मृत्यू आणि हिरोशिमानंतरच्या भाषणात एका तरुणीची सोलवटणारी त्वचा, हे दोन क्षण जास्त झोंबतात. त्यांची कल्पना आधी द्या.

मुलं खरी गळतात ती शेवटच्या तासात. तीन तासांपैकी ट्रिनिटी ही पहिल्या अणुबॉम्बची चाचणी दोन तासांच्या सुमारास उरकते, पुढे नुसतं राजकारण. दोन चौकश्या एकमेकींत विणल्यात: १९५४ची बंद खोलीतली, ओपनहायमरच्या सुरक्षा परवान्याची (सरकारी गुपितं हाताळायच्या परवानगीची), रंगीत, आणि १९५९ची अमेरिकी सिनेटमधली, ओपनहायमरचा विरोधक लुईस स्ट्रॉसच्या मंत्रिपदाची, कृष्णधवल. एवढं कागदावर लिहून दिलं तरी निम्मा गोंधळ मिटतो. कम्युनिस्टांच्या मागे लागलेल्या सिनेटर मॅकार्थीच्या काळात अमेरिकेत कम्युनिस्टांशी नुसती ओळखही का महागात पडायची, तेही दहा मिनिटं बोलून घ्या.

माझ्या मते पंधरानंतर खुशाल दाखवा, घरी, ट्रिनिटीनंतर मध्यंतर करून. तेराच्या मुलाला घाई नको. स्फोट बघून तो मोबाईल काढेल. हिरोशिमावरचा बॉम्बहल्ला पडद्यावर दिसतच नाही, तो का वगळला असेल हे मात्र मुलांना जरूर विचारा.